पिकअपच्या हौद्याला पांघरूण कोणते घ्यावे?



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की आमच्या शेतकी खात्याच्या गट कार्यालयांत प्रश्नांची रीघ लागते. रोपं कधी मिळणार, सरी किती फुटांची पाडू, ८६०३२ लावू का २६५, खताचा पहिला हप्ता काय द्यावा. हे प्रश्न नेहमीचेच. पण अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. “साहेब, पिकअप घेतली. आता वरून काय टाकू? ताडपत्री, जाळी का पत्र्याचा टपच मारून घेऊ?” हे ऐकून आमच्यातले काहीजण हसले. ऊस विकास खात्याला ताडपत्रीचे काय विचारायचे! आम्हाला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. गाडीची किंमत मोजताना सभासद चार गावं फिरतो, चार जणांना विचारतो, आणि त्याच गाडीत जो माल जायचा त्याचे पांघरूण मात्र बाजारात जे पहिले दिसेल ते उचलून आणतो. नुकसान मग रोपांत होते, खतात होते, आणि बोल लागतो रोपवाटिकेला नाहीतर खत विभागाला.

बैलगाडीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवत असेल. गाडीला तट्ट्या लावायच्या, वर घोंगडं नाहीतर गोणपाट टाकायचं, काम भागायचं. बैल चालणार तासाला कोस-दीड कोस. वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. पिकअप पळते साठीने, आणि पोराच्या हातात असली तर ऐंशीने. पांघरुणाचा खरा शत्रू पाऊस नव्हे, वारा आहे, ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात घ्यावी. ताशी ६० किलोमीटर वेगाला समोरून येणारा वारा दर चौरस मीटरला साधारण १७ किलोच्या जोराने रेटतो. वेग ८० वर गेला की हाच रेटा ३० किलोवर जातो. वेग वाढला तिसऱ्या हिश्शाने, रेटा वाढला पावणेदोनपट. ताडपत्री फाटते ती या रेट्याने फडफडून. पावसाने कोणाची ताडपत्री फाटल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही.

आजकाल पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप बघतात आणि म्हणतात, आपणही तसं गुंडाळायचं झाकण बसवू. तिकडे त्याला टोनो कव्हर म्हणतात. हौद्याच्या काठाबरोबर सपाट बसते, कापडाचे असले तर गुंडाळते, कडक असले तर घडी होते, वर कुलूपही लागते. चांगली चीज आहे, नाही कोण म्हणतो? पण तिकडच्या गड्याचा माल हौद्याच्या काठाखाली राहतो. हत्यारांची पेटी, दोन-चार पिशव्या, शिकारीचं सामान. आपला माल काठाच्या वर दोन-दोन, तीन-तीन फूट जातो. युरियाच्या गोण्या असोत, गुळाच्या ढेपा असोत की टोमॅटोचे क्रेट असोत, फाळक्याबरोबर भरून गाडी हलवली तर भाडं परवडत नाही. सपाट झाकण आपल्या कामाचे नाही. ज्याला हौस आहे त्याने खुशाल करावी, पण ती शेतीच्या हिशेबात धरू नये.

आता दुसरे टोक. पत्र्याचा टप. गावातला वेल्डिंगवाला चार दिवसांत करून देतो, दिसायलाही भारदस्त दिसतो, पाऊस-ऊन कशाची भीती नाही. म्हणून बरेच सभासद तिकडे झुकतात. आमचे मत याच्या विरुद्ध आहे, आणि ते का, हे जरा विस्ताराने सांगतो.

हिशेब करू. हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद धरा. टपाची उंची ५ फूट. वरचे छत, दोन बाजू आणि पुढची बाजू मिळून पत्रा लागतो १६७ चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हटला तरी नुसत्या पत्र्याचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. सांगाड्याचे अँगल, पाइप, मागचे दार वेगळे. दोनशे किलो कुठे गेले कळत नाही. गाडीची मंजूर क्षमता १७०० किलो असेल तर पूर्वी युरियाच्या ४५ किलोच्या ३७ गोण्या बसायच्या, आता ३३ बसणार. दर खेपेला चार गोण्या कमी, गाडी आहे तोपर्यंत. आणि टप असतो बाराही महिने. उन्हाळ्यात रिकामी गाडी घेऊन लग्नाला गेलात तरी ते दोनशे किलो डिझेल खात बरोबर येतात.

चार गोण्या कमी कोण भरतो, तुम्ही म्हणाल. भरतच नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून तर जादा भार होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये दंड घातला आहे. माल ठरल्या उंचीच्या वर किंवा हौद्याच्या बाजूला बाहेर आला तर त्यालाही २०,००० चेच कलम आहे. शिवाय १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत परस्पर करू नये. कायमचा वेल्डिंग केलेला टप हा या कलमात सापडण्याजोगा प्रकार आहे. ज्याला तो करायचाच असेल त्याने आधी परिवहन कार्यालयात जाऊन रीतसर विचारावे, मग वेल्डिंगवाल्याला सांगावे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो.

पण आमच्या लेखी याहून मोठे कारण वेगळेच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या बंद टपात हात घालून बघा. पूर्वहंगामी लागणीची रोपं त्या भट्टीतून १५-२० किलोमीटर आणायची म्हणजे शेताच्या बांधापर्यंत येईतो ती अर्धी शिजलेली असतात.

इथे रोपांचा हिशेबही मांडून टाकू. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकरी ४३५६ रोपं लागतात. ४२ कप्प्यांचे ट्रे म्हटले तर १०४ ट्रे. शंभरात दहा रोपं वाटेत करपली तर एकरात ४३५ जागा रिकाम्या. तुम्ही रोपामागे जो दर दिला असेल त्याने गुणा, आणि वर नांग्या भरण्याची मजुरी धरा. तीही एकवेळ सोसता येईल. पण मागाहून लावलेलं रोप शेजारच्या रोपाच्या सावलीत सापडतं, त्याचा फुटवा मागे पडतो, आणि तोडणीला तिथं एक-दोन बारीक ऊस उभे राहतात. हे नुकसान बिलात कुठेच लिहिलेलं नसतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

रोप करपते ते कशाने? ऊन हे एक कारण, पण गाडीत त्याहून वारा भारी. रोपाला मुळं आहेत कोकोपीटच्या चिमूटभर गोळ्यात, आणि पान आहे वीतभर. साठीच्या वाऱ्यात पानातलं पाणी जितकं उडतं तितकं मुळी पुरवू शकत नाही. म्हणून तर आम्ही सांगतो की गाडीत भरण्याआधी ट्रे भिजवा, पानांचे शेंडे छाटा. पण एवढं करून उघड्या हौद्यात ट्रे रचले तर काय उपयोग? आणि उलट काळी ताडपत्री चहूबाजूंनी आवळून बांधली तर दुपारच्या वेळी आत वाफ धरते. म्हणजे उघडंही नको, कोंडलेलंही नको. रोपांना लागते शेडनेटची जाळी. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी हौद्यावरच्या कमानींवरून घ्यावी, पुढची बाजू केबिनच्या मागे घट्ट बांधावी. वाऱ्याचा जोर मोडतो, हवा खेळती राहते, ऊन निम्मे होते. पावसाचे चार थेंब आत आले तर रोपांना ते हवेच असतात. शेडनेट ही ताडपत्रीहून स्वस्त वस्तू आहे आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकेमुळे आता तालुक्याच्या गावी सहज मिळते. तरी पिकअपवर जाळी टाकलेली गाडी रोपवाटिकेच्या दारात आम्हाला क्वचितच दिसते. दिसतात त्या निळ्या पातळ ताडपत्र्या, नाहीतर काहीच नाही.

दोन डोळ्यांचं बेणं आणायचं असेल तर त्याची रीत आणखी निराळी. बेणं पाल्यासकट, मोळीने आणावं, म्हणजे डोळ्याला मार लागत नाही. वर पाचट आणि भिजवलेलं गोणपाट टाकावं. ताडपत्रीत बेणं कोंडू नये, डोळे उबतात. आणि ट्रायकोकार्ड किंवा जिवाणू खताच्या बाटल्या हौद्यात टाकूच नयेत, पांघरूण कोणतंही असो. ती जिवंत वस्तू आहे. केबिनमध्ये, सावलीत, पायापाशी ठेवावी. कार्डातली माशी ताडपत्रीखाली भाजून निघाली की मग खोडकिडा हटला नाही म्हणून आम्हाला फोन येतो.

आता ताडपत्रीकडे येऊ, कारण खत, गूळ, धान्य आणि पावसाळा यांना जाळी चालत नाही.

युरिया हवेतला दमटपणा ओढून घेतो हे सर्वांना ठाऊक आहे. गोणी बाहेरून प्लॅस्टिकची, आत अस्तर, म्हणून ती भिजत नाही असा समज आहे. पाणी शिरते ते शिवलेल्या तोंडातून आणि हमालाच्या हुकाने पडलेल्या भोकातून. वरून भिजली नाही तरी हौद्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात खालचा थर बसतो. म्हणून वरच्या पांघरुणाइतकेच खालच्या अंथरुणाकडे बघा. जुनी ताडपत्री टाकून देऊ नका, तळाला घाला. भिजलेल्या युरियाचे गठ्ठे होतात, गठ्ठा फोडून टाकला तरी सरीला सारखा पडत नाही, कुठे ऊस काळा, कुठे पिवळा. पोत्यात मीठ झालेलं खत आणि पावती दोन्ही घेऊन सभासद गोडाऊनला येतो, पण गोडाऊन सोडताना गोणी कोरडी होती हे पावतीवरच लिहिलेलं असतं.

बाजारात ताडपत्र्या मुख्यत: तीन-चार तऱ्हेच्या आहेत. एक जुनी सुती, कॅनव्हासची, मेण चढवलेली. दुसरी एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही अंगांनी प्लॅस्टिकचा लेप दिलेली. तिसरी पातळ थर आडवे-उभे चिकटवून केलेली, विणकाम नसलेली. चौथी ट्रकवर दिसते ती पीव्हीसीचा जाड लेप दिलेली.

सुती ताडपत्रीची बाजू घेणारे आता थोडे राहिले, पण आम्ही तिला निकालात काढणार नाही. ती श्वास घेते. आतला दमटपणा बाहेर जातो, गुळाच्या ढेपेला घाम सुटत नाही, भाजीला वाफ लागत नाही. भिजली की सूत फुगते आणि वीण आपोआप घट्ट होते. फाटली तर दाभणाने शिवता येते. दोष दोनच, पण मोठे. ओली झाली की उचलायला दोन गडी लागतात, आणि ओलीच घडी घालून ठेवली की कुजते. आपल्याकडे आषाढात ताडपत्री वाळवायला ऊन कुठे असते? ज्याचं रोज गुळाचं नाहीतर भाजीचं भाडं आहे, ज्याच्याकडे वाळत घालायला पडवी आहे, त्याने सुती घ्यावी. इतरांनी त्या फंदात पडू नये.

पीव्हीसीची टिकाऊपणात सर्वांत वरचढ, पण वजनदार आणि महाग. रोज लांब पल्ल्याला मालवाहतूक करणाऱ्याला ती परवडते. वर्षात चाळीस-पन्नास दिवस गाडी भरणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे तीत अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. थर चिकटवलेली ताडपत्री हलकी, चांगली, शेततळ्याला आणि धान्यावर टाकायला उत्तम. गाडीवर मात्र दोरीच्या ताणाने तिची कडी ओढली जाते, तेव्हा जाड प्रतीचीच घ्यावी.

राहिली एचडीपीई. बहुतेक सभासदांना हीच योग्य, पण इथेच फसवणूक जास्त होते. वजनाला जी.एस.एम. असा शब्द दुकानदार वापरतो. त्याचा अर्थ एवढाच की एक चौरस मीटर तुकड्याचे वजन किती ग्रॅम. निळ्या-पिवळ्या पातळ ताडपत्र्या शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतात. गाडीवर त्या एक पावसाळा काढतात, आणि एक उन्हाळा उघड्यावर राहिल्या की हातात भुसा येतो. आमच्या मते पिकअपला २०० ग्रॅमच्या खालची घेऊच नये, २५० ची घ्यावी. आता दुकानदार २५० म्हणतो, ती २५० आहे हे कसे ओळखायचे? अंगठ्याने चाचपून नव्हे. काट्यावर टाकून. १५ बाय १२ फुटांची ताडपत्री म्हणजे १८० चौरस फूट, पावणेसतरा चौरस मीटर. २५० ग्रॅमच्या हिशेबाने वजन ४ किलो २०० ग्रॅमच्या जवळपास भरले पाहिजे. तीन किलो भरली तर ती १८० ची आहे, बोलणं संपलं. काट्यावर वजन चोरता येत नाही हे उसाच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. काट्याबद्दल आपण कारखान्याला जितके प्रश्न विचारतो त्यांतला एखादा ताडपत्रीच्या दुकानात विचारला तरी पुरे! मापही फीत लावून बघावे. कडा दुमडण्यापूर्वीचे माप सांगून विकण्याची चाल आहे, घरी नेल्यावर अर्धा फूट कमी भरते. एचडीपीईच्या ताडपत्रीला भारतीय मानक आय.एस. ७९०३ आहे. त्याचा शिक्का असलेली मागावी, आणि उन्हाला टिकणारी आहे का हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

रंगाचंही असंच. काळ्या रंगात काजळी असते, ती उन्हापासून प्लॅस्टिकला जपते, म्हणून काळी जास्त टिकते. पण तापतेही तीच. एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी मिळाली तर उन्हाळ्यात चंदेरी बाजू वर करावी.

माप काढताना गाडीचा हौदा मोजून भागत नाही, भरलेला माल मोजावा लागतो. हौदा ९ बाय साडेपाच फूट. माल फाळक्याच्या वर दोन फूट. फाळक्याच्या खाली बांधायला एक फूट सोडा. रुंदी झाली साडेपाच अधिक दोन्ही बाजूंचे तीन-तीन, साडेअकरा. लांबी नऊ अधिक सहा, पंधरा. म्हणून १५ बाय १२. यापेक्षा मोठी घेतली की जादाचं कापड मागे लोंबतं. कितीतरी गाड्यांचा मागचा दिवा आणि नंबर अशा लोंबत्या ताडपत्रीने झाकलेला असतो. गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर आपलेच ट्रॅक्टर, आपल्याच बैलगाड्या, आपलेच तोडणी मजूर असतात. मागचा दिवा झाकलेली पिकअप वळणावर उभी राहिली तर काय होते हे कोणाला सांगायला नको. घडी मारून आत खोचा, पण दिवा उघडा ठेवा.

कड्या एक मीटरहून लांब नसाव्यात आणि चारी कोपऱ्यांना जादा तुकडा शिवलेला असावा. पुढची बाजू आधी केबिनच्या मागे खाली घट्ट बांधावी. तिथून वारा आत शिरला की ताडपत्रीचा फुगा होतो. दोन ताडपत्र्या जोडून टाकायच्या झाल्या तर मागची आधी टाका आणि पुढचीचा काठ तिच्या वर येऊ द्या. घराची कौलं शाकारतो तसाच विचार, फक्त पाण्याऐवजी वारा. कडीला दोरी बांधून भागत नाही, वरून एक आडवी-तिडवी दोरी मालावर आवळली पाहिजे, म्हणजे फडफड थांबते. क्रेटचे आणि फाळक्याचे टोक जिथे घासते तिथे पोत्याचा तुकडा ठेवावा. ताडपत्रीला पहिलं भोक पडतं ते नेहमी तिथेच.

आणि कमानी. तीन किंवा चार नळ्यांच्या कमानी, हौद्याच्या काठाला खोबणी करून उभ्या करायच्या, काम झालं की उपसून गोठ्यात टांगायच्या. वेल्डिंग करून पक्क्या करायच्या नाहीत. कमान नसली की ताडपत्री मध्ये खचते. तीन फूट लांब-रुंद खळग्यात दोन इंच पाणी साचले तर ते ४२ लिटर होते. एवढा भार रोपांच्या ट्रेवर पडल्यावर खाली काय राहणार? कमान असली की त्याच गाडीवर आज जाळी, उद्या ताडपत्री, परवा काहीच नाही, असं करता येतं. आमचं सगळं म्हणणं यात आलं: काढता-घालता येणाऱ्या कमानी, २५० ची एक काळी ताडपत्री आणि एक शेडनेट. तिन्ही मिळून पत्र्याच्या टपाच्या खर्चात सहज बसतात आणि बरेच उरतात.

ज्यांची स्वत:ची पिकअप नाही, भाड्याने लावतात, त्या सभासदांना हे वाचून वाटेल की आपला काय संबंध. आमच्या अनुभवाने संबंध त्यांचाच जास्त आहे. माल त्यांचा, ताडपत्री गाडीवाल्याची. गाडीवाल्याने भाडं घेतलं की तो मोकळा. तेव्हा भाडं ठरवताना त्याची ताडपत्री उलगडून बघायला मागावी. लाज वाटण्याचं कारण नाही. त्याहून सोपं म्हणजे रोपांसाठी चार घरांत मिळून एक जाळी घ्यावी आणि गाडी कोणाचीही असो, जाळी आपली टाकावी.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यात खुरपणीच्या बायका, हंगामात तोडणीची माणसं पिकअपच्या हौद्यात बसवून वर ताडपत्री ओढलेली आम्ही रस्त्यावर पाहतो. मालगाडीत माणसं नेणं कायद्याला मंजूर नाही, अपघात झाला तर विम्याचा झगडा वेगळा. पण कायदा बाजूला ठेवा. चालत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि धुरांड्याचा धूर तिथून आत ओढला जातो. पुढून बंद, मागून उघडी अशी ताडपत्री असली तर तो धूर माणसांच्या छातीत भरतो. आत कोणाला घेरी आली, कोण काठावरून सरकलं, हे केबिनमधल्या ड्रायव्हरला दिसत नाही, ऐकूही येत नाही. आमच्या खात्याच्या लोकांना आम्ही सांगितलं आहे की अशी गाडी दिसली तर थांबवून मालकाशी बोला. सभासदांना राग येतो. “मग काय बायकांनी भिजत चालत यायचं का?” असं एकानं विचारलंही. प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर ताडपत्री हे नव्हे. गावातली प्रवासी वाहतुकीची गाडी ठरवा, चार शेतकरी मिळून भाडं वाटून घ्या.

कारखान्याने ताडपत्र्या सवलतीत वाटाव्यात अशी सूचना सभासदांकडून होते. निर्णय अर्थातच संचालक मंडळाचा, आम्ही फक्त शेतकी खात्याचे मत नोंदवतो. सरसकट एका मापाची, हलक्यात हलकी ताडपत्री घरटी वाटण्याला आमचा विरोध आहे. जिल्हा परिषदेच्या अनुदानाच्या ताडपत्र्या येतात, खळ्यावर, गंजीवर त्या कामाला येतात, गाडीसाठी त्या नव्हेत. आपल्याला वाटायचंच असेल तर आधी माप, मग खरेदी. ज्यांना खरोखर पाहिजे त्यांनी नाव नोंदवावं, प्रत २५० ची, माल आला की सभासदासमोर काट्यावर टाकून द्यावा, रक्कम ऊसबिलातून कापावी. आणि एकच वस्तू द्यायला पैसे असतील तर ताडपत्रीच्या आधी शेडनेट द्यावी, कारण ताडपत्री कशी का असेना घरोघर आहे, जाळी नाही.

तोपर्यंत एवढे करता येईल. प्रत्येक गट कार्यालयात लहान काटा आहे. नवी ताडपत्री घेतलेल्या सभासदाने ती तिथे आणून वजन करून बघावी, कोणी आडकाठी करणार नाही. रोपांची उचल करायला येणाऱ्या गाड्यांनी शक्यतो सकाळी नऊच्या आत नाहीतर चार वाजल्यानंतर यावे, बरोबर जाळी आणि दोरी आणावी. ज्यांना कमानींचे माप हवे आहे त्यांनी आपल्या गाडीच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी आणि फाळक्याची उंची कागदावर लिहून चिटबॉयकडे द्यावी, आमचे ओव्हरसियर नळीची लांबी आणि वाक काढून देतील.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते